खोटा भोंगा, खरी भीती

लॅपटॉपवर कुणीतरी निवांत रेसिपी बघत बसलेलं असतं आणि स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन वर येतो. लाल ढाल, मोठं उद्गारचिन्ह आणि मजकूर असा की तुमच्या संगणकात ५ व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब साफ करा. तो बंद करावा तर दुसरा हजर : तुमचं अँटिव्हायरस आजच संपतंय. तोही बंद करावा तर तिसरा. तुमच्या घरी हे झालं नसेल, तर मावशीकडे किंवा काकांकडे नक्की झालं असेल. आणि खानदानात ‘कॉम्प्युटरमधलं कळणारं’ पोर म्हणून तुमचं नाव असेल, तर फोनही तुम्हालाच आला असेल.

मी इंदूरमध्ये एका कंपनीत सिस्टिम सपोर्टचं काम करते. सोमवार ते शुक्रवार ऑफिसची मशिन्स बघायची आणि रविवारी आत्या, मामा, शेजारच्या काकू यांची. घरच्या मंडळींच्या तक्रारींत सध्या सगळ्यात जास्त तक्रार हीच असते. उपाय बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांचा. पण तेवढ्या कामासाठी लोक महिनोन्महिने घाबरून बसतात, दुकानात नेऊन मशीन फॉरमॅट करून घेतात आणि त्यात लग्नाचे, मुंजीचे फोटो गमावतात. काही जण तर स्क्रीनवर दिलेल्या नंबरवर सरळ फोन लावतात. म्हणून हा लेख. वाचणारे तुम्ही, घरातली तरुण पिढी. पण काम करायचं आहे ते आईबाबांच्या आणि आजीआजोबांच्या मशीनवर.

एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवूया. इशारा दिसला म्हणजे व्हायरस शिरला असं नाही. चोर कधी घंटी वाजवून येत नाही. जो इतका आरडाओरडा करतोय, त्याला तुमच्याकडून काहीतरी करून घ्यायचं आहे : एक क्लिक, एक डाउनलोड किंवा एक फोन.

हे इशारे येतात कुठून?

मला भेटणाऱ्या प्रकरणांचे साधारण तीन प्रकार आहेत. तिन्ही वेगळे आहेत, म्हणून आधी ओळख पटवायची आणि मग हात लावायचा.

पहिला प्रकार कोपऱ्यातल्या चौकोनांचा. ही ब्राउझरची नोटिफिकेशन्स असतात. एखादी साइट उघडली की वर एक छोटी चौकट विचारते, ‘ही साइट तुम्हाला सूचना पाठवू इच्छिते. अलाउ की ब्लॉक?’ फुकट सिनेमे, क्रिकेटचं लाइव्ह प्रक्षेपण, गाणी डाउनलोड करायच्या साइट्स यात हुशारी करतात. तुम्ही रोबोट नाही हे दाखवण्यासाठी ‘अलाउ’ दाबा, व्हिडिओ सुरू करण्यासाठी ‘अलाउ’ दाबा, असं त्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. माणूस दाबतो. त्या क्षणापासून ती साइट बंद असली तरी तिला तुमच्या स्क्रीनवर काहीही पाठवायची मुभा मिळते.

दुसरा प्रकार पूर्ण स्क्रीन व्यापणाऱ्या पानाचा. चुकीचा पत्ता टाइप केला किंवा जाहिरातीवर क्लिक झालं की अख्खी स्क्रीन निळी किंवा लाल होते, भोंगा वाजू लागतो, मायक्रोसॉफ्टसारखं चिन्ह दिसतं आणि एक बाई इंग्रजीत बजावते की संगणक लॉक झाला आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा. माउसची खूण गायब होते, बंद करायचं चिन्ह सापडत नाही. हे नुसतं एक वेबपान असतं. ते फुल स्क्रीन झालेलं असतं, इतकंच.

तिसरा प्रकार खऱ्या अॅडवेअरचा, म्हणजे मशीनवर खरोखर येऊन बसलेल्या जाहिरातबाज सॉफ्टवेअरचा. पीडीएफ बदलणारं फुकट टूल, व्हिडिओ उतरवणारं टूल, कूपन शोधून देणारं एक्स्टेन्शन अशा कुणाच्या तरी पदराला धरून ते आत येतं. मग होम पेज बदलतं, शोधलं एकीकडे की उत्तर येतं भलत्याच सर्च इंजिनवर, आणि साध्या बातमीच्या पानावरही जिथे जाहिराती नसायच्या तिथे जाहिराती दिसू लागतात.

हे सगळं आलं कसं?

नव्या खिडकीत उघडणाऱ्या जाहिराती म्हणजे पॉप-अप १९९० च्या दशकातल्या. ट्रायपॉड नावाच्या संकेतस्थळासाठी त्याचा कोड लिहिणाऱ्यांपैकी एक, ईथन झुकरमन, यांनी २०१४ मध्ये एका लेखात त्याबद्दल जाहीर माफीही मागितली. लोक इतके कंटाळले की ब्राउझरनेच पॉप-अप अडवायला सुरुवात केली. विंडोज एक्सपीच्या २००४ मधल्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर इंटरनेट एक्सप्लोररमध्येही ती सोय आली.

दार बंद झालं, पण खिडकी उघडली गेली. २०१५ मध्ये क्रोमने साइट्सना पुश नोटिफिकेशन पाठवायची सोय दिली. हेतू चांगला होता : मेल आली, मीटिंग आहे, बातमी आली, हे पान उघडं नसतानाही कळावं. पण नोटिफिकेशन विंडोजच्या सूचनांसारखंच, त्याच कोपऱ्यात दिसतं. अँटिव्हायरसचा इशारा आणि जाहिरात यांतला फरक वयस्कर माणसाला कळावा कसा? जाहिरातबाजांनी नेमकं हेच हेरलं. २०२० मध्ये क्रोमने ही परवानगी विचारणारी चौकट शांत करायचा पर्याय आणला, पण आधी दिलेल्या परवानग्या जुन्या मशिन्सवर तशाच पडून असतात.

यामागे पैसा सरळ आहे. इशाऱ्यावर क्लिक करून कुणी एखादं अँटिव्हायरस विकत घेतलं, की पाठवणाऱ्याला दलाली मिळते. कधी ते सॉफ्टवेअर खरं असतं, विकायची रीत खोटी. आणि फोन नंबरवाल्या पानांमागे बसलेलं असतं एक कॉल सेंटर. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये देशभरात ७६ ठिकाणी छापे टाकले. त्यातली काही प्रकरणं याच धंद्याची होती : मायक्रोसॉफ्ट आणि अॅमेझॉन यांच्या तक्रारींवरून, तांत्रिक मदतीच्या नावाखाली परदेशी नागरिकांना गंडवणारी कॉल सेंटर्स. म्हणजे फोन उचलणारा मुलगा किंवा मुलगी तुमच्याआमच्या वयाची, एखादे वेळी तुमच्याच शहरातली. ‘इंटरनॅशनल टेक सपोर्ट, पगार रोख, रात्रपाळी’ अशी नोकरी कुणी देऊ केली, तर ग्राहक कंपनीपर्यंत पोहोचतो कसा एवढं आधी विचारा. स्क्रीनवरचा भोंगा ऐकून पोहोचत असेल, तर तिथून उठून या.

पहिला प्रकार : दिलेली परवानगी काढून घ्या

आधी चौकोनाकडे नीट बघा. ब्राउझरमधून आलेल्या नोटिफिकेशनवर ब्राउझरचं नाव आणि बारीक अक्षरात साइटचा पत्ता असतो. विंडोजचा स्वतःचा इशारा ‘विंडोज सिक्युरिटी’ या नावाने येतो. चौकोनावर एखाद्या अगम्य साइटचा पत्ता दिसला, की निदान झालं.

क्रोममध्ये उजवीकडचे तीन ठिपके, मग सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज आणि नोटिफिकेशन्स. तिथे परवानगी दिलेल्या साइट्सची यादी दिसेल. ओळखीची नसेल त्या प्रत्येक साइटसमोरचे ठिपके दाबून ‘ब्लॉक’ करा. ‘रिमूव्ह’ केलं तर तीच साइट पुन्हा विचारू शकते, ‘ब्लॉक’ केलं तर नाही. याच पानावर वर, कुठल्याच साइटला नोटिफिकेशन पाठवू न देण्याचा पर्याय आहे. आजीआजोबांच्या मशीनवर तो बेलाशक निवडा. त्यांना कुठल्या साइटच्या सूचनेची गरज सहसा नसते.

एजमध्ये आणि फायरफॉक्समध्ये वाट थोडी वेगळी आहे, आणि नव्या आवृत्तीत मेनूची नावंही बदलतात. सोपी युक्ती अशी की सेटिंग्ज उघडून वरच्या शोधाच्या चौकटीत ‘नोटिफिकेशन्स’ टाइप करायचं. फायरफॉक्समध्ये त्या यादीच्या खालीच, नव्या विनंत्या अडवण्याची एक चौकट आहे, तिच्यावर खूण करून टाका.

अँड्रॉइड फोनवरही हीच कथा आणि हाच उपाय. क्रोम उघडा, तीन ठिपके, सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्सची परवानगी बघा. फोनवर काहीही न उघडता जाहिराती येत असतील, तर नुकतीच टाकलेली अॅप्स तपासा. टॉर्च, क्लीनर, वॉलपेपर अशी अॅप्स पहिली बघायची.

दुसरा प्रकार : भोंगा वाजत असेल तर

आधी आवाज बंद करा. थट्टा वाटेल, पण भोंगा थांबला की डोकं चालू लागतं. मग एस्केपची कळ काही सेकंद दाबून धरा. फुल स्क्रीन निघून जाईल आणि टॅब बंद करता येईल. तसं नाही झालं तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबा. या तीन कळा कुठलंही वेबपान अडवू शकत नाही. त्यातून टास्क मॅनेजर उघडा, ब्राउझर निवडा आणि ‘एंड टास्क’ करा. तेही जमेना, तर पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा. ‘बंद केलात तर सगळा डेटा जाईल’ ही त्या पानावरची धमकी खोटी असते.

ब्राउझर पुन्हा उघडल्यावर तो विचारेल, आधीची पानं परत उघडू का? नाही म्हणा. नाहीतर तेच पान पुन्हा समोर उभं राहील.

आणि घरातल्या प्रत्येकाला एक नियम पाठ करून द्या. मायक्रोसॉफ्टने स्वतःच स्पष्ट केलं आहे की त्यांच्या खऱ्या त्रुटीच्या किंवा धोक्याच्या संदेशात फोन नंबर कधीच नसतो. स्क्रीनवर इशारा आहे आणि त्यात फोन नंबर आहे, म्हणजे तो खोटा. यापलीकडे विचार करायची गरज नाही.

तिसरा प्रकार : घरात घुसलेला पाहुणा

इथे जरा बैठक मारून काम करावं लागतं. इंदूर २०१७ पासून सलग अनेक वर्षं स्वच्छ शहरांत पहिलं आलं, ते ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा केला म्हणून. इथेही तोच मंत्र : ब्राउझरमधला कचरा वेगळा, मशीनमधला वेगळा, एकेक करून काढायचा.

सुरुवात एक्स्टेन्शन्सपासून. क्रोममध्ये तीन ठिपक्यांतून एक्स्टेन्शन्सच्या यादीत जा. ज्याचं काम तुम्हाला सांगता येत नाही, ते काढून टाका. घरात कुणी तेच गुगल खातं दुसऱ्या मशीनवर वापरत असेल, तर तिथलीही यादी बघा, कारण सिंक चालू असेल तर एक्स्टेन्शन एका मशीनवरून दुसऱ्यावर जातं. मग सेटिंग्जमध्ये सर्च इंजिन आणि सुरुवातीचं पान पूर्वीसारखं करा.

नंतर विंडोजची अॅप्सची यादी. सेटिंग्ज, अॅप्स, इन्स्टॉल्ड अॅप्स. विंडोज १० मध्ये अॅप्स अँड फीचर्स. यादी इन्स्टॉल केलेल्या तारखेप्रमाणे लावा आणि त्रास कधी सुरू झाला ते आठवा. त्या दिवसांत आलेलं अनोळखी नाव बहुधा गुन्हेगार असतं. शंका असेल तर ते नाव नेटवर शोधून मगच काढा. प्रिंटरचं किंवा साउंडचं सॉफ्टवेअर उडवून बसू नका.

त्यानंतर तपासणी. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून असतो आणि तो फुकट आहे. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स आणि ‘फुल स्कॅन’. चिवट प्रकार वाटला तर त्याच ठिकाणी ऑफलाइन स्कॅन आहे. त्यात मशीन बंद होऊन पुन्हा सुरू होतं आणि विंडोज पूर्ण जागं होण्याआधीच तपासणी होते. उघडं काम आधी सेव्ह करा. खास अॅडवेअरसाठी मालवेअरबाइट्सचं अॅडब्ल्यूक्लीनर हे छोटं फुकट साधनही चांगलं आहे, मात्र ते त्यांच्याच साइटवरून घ्यायचं. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणारा दुवा कित्येकदा जाहिरातीचा असतो. केंद्र सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे. तिथेही मशीन साफ करायची साधनं मोफत मिळतात.

एवढं करूनही ब्राउझर वेड्यासारखा वागत असेल, तर क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘रीसेट’ आहे. त्याने बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड जात नाहीत. एक्स्टेन्शन्स बंद होतात, कुकीज पुसल्या जातात, त्यामुळे साइट्सवर पुन्हा लॉगिन करावं लागतं. आजोबांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर त्यांना वाटेल आता मेलही गेली.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. घरच्या मशीनवर क्रोमच्या मेनूत अगदी खाली, हा ब्राउझर तुमच्या संस्थेकडून चालवला जातो, अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसली तर जरा थांबा. ऑफिसच्या लॅपटॉपवर ती असणारच. घरच्या मशीनवर मात्र एखाद्या अँटिव्हायरसने तरी नियम बसवलेला असतो, किंवा अॅडवेअरने. अशा वेळी जाणकाराला दाखवलेलं बरं.

अॅडवेअर म्हणजे नुसती कटकट, जाहिराती दिसल्या तर दिसल्या, असं काहींना वाटतं. त्यांच्यासाठी एक जुनं उदाहरण. २०१४ च्या शेवटी विकल्या गेलेल्या लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर ‘सुपरफिश’ नावाचं जाहिरातींचं सॉफ्टवेअर आधीच घातलेलं होतं. जाहिराती दाखवता याव्यात म्हणून ते सुरक्षित साइट्सच्या संपर्काच्या मधे स्वतःचं प्रमाणपत्र घालून बसत असे. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झालं, तेव्हा कळलं की त्या फटीतून बँकेच्या साइटवरची माहितीही दुसऱ्याला वाचता आली असती. जाहिरात दाखवण्यासाठी केलेलं भोक चोरालाही पुरतं.

ज्याची यादी निघत नाही ते नुकसान

आता दोन घरांबद्दल सांगते. माझ्या एक आत्या आहेत, निवृत्त शिक्षिका. मुलगा आणि नातू पुण्यात. रोज संध्याकाळी लॅपटॉपवर नातवाशी गप्पा, मग थोडं भजन, थोडे जुने नाट्यसंगीताचे व्हिडिओ. दिवाळीनंतर त्यांनी नातवाला सांगायला सुरुवात केली की नेट नीट चालत नाही. नेट उत्तम चालत होतं. लॅपटॉपवर मात्र भरतकामाचा रुमाल घालून तो कपाटावर ठेवला होता, कारण ‘तुमचे फोटो आणि पासवर्ड चोरीला जात आहेत’ असा चौकोन दर दहा मिनिटांनी यायचा. मुलाला सांगितलं तर तो चिडेल, म्हणेल कशाला नको तिथे क्लिक करतेस. म्हणून गप्प.

दोन महिने आजी आणि नातू एकमेकांना धड बघू शकले नाहीत. त्यांच्या मशीनवर एकही व्हायरस नव्हता. परवानगी दिलेल्या चार साइट्स निघाल्या, एक अभंगांचे शब्द देणारी आणि तिघींचं नावही वाचता येऊ नये अशा. मी त्यांच्याच हातात माउस दिला. चारही साइट्स त्यांनी स्वतः ब्लॉक केल्या. शेवटची केल्यावर म्हणाल्या, “अगं, एवढंच? मी तर विकायला काढणार होते हा डबा.”

दुसरं घर आमच्या कॉलनीतल्या एका काकांचं. बँकेतून निवृत्त, हिशेबाला पक्के, त्यामुळे आपल्याला कुणी फसवेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. भोंगावालं पान आलं आणि त्यांनी नंबर फिरवला. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र, शुद्ध हिंदी, दर वाक्याला ‘सर’. त्याने दुरून मशीन चालवायचं एक अॅप टाकून घेतलं आणि विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडून दाखवलं. त्यात लाल खुणांची लांबलचक यादी. बघा सर, हे सगळे व्हायरस. प्रत्यक्षात ती नोंदवही असते. अगदी निरोगी मशीनवरही तिच्यात किरकोळ त्रुटींच्या लाल खुणा असतातच. पण हे माहीत नसलेल्या माणसाला ती यादी दाखवली की पुढचं काम सोपं होतं.

काकांनी नेट बँकिंग उघडलं. ओटीपी मोबाइलवर येणार होता आणि मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला. “बेटा, फोनवर आलेला आकडा वाच जरा,” असं त्यांनी नातीला हाक मारून सांगितलं. नात नववीत. तिने आकडा वाचला नाही, बाहेर येऊन विचारलं, “आजोबा, ओटीपी कुणाला देताय?” मग राउटरचा स्विच बंद केला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. नुसता स्विच.

पैसे वाचले. पण काका पुढचे चार दिवस कुणाशी बोलले नाहीत. रोजचा फिरायला जायचा कट्टाही बंद. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पासबुकांची काळजी घेतली, त्याला ‘मी असा कसा फसलो’ हे गिळता येत नव्हतं. त्यांना मी सीबीआयच्या त्या छाप्यांबद्दल सांगितलं. हा कुणा एका पोराचा खेळ नाही, शिफ्टमध्ये चालणारा धंदा आहे, त्यात लिहून दिलेले संवाद असतात, आणि भले भले लोक त्यात सापडतात, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला. आता कट्ट्यावर तेच सगळ्यांना सांगतात.

कुणी फोन केलाच असेल, तर

अशा वेळी वेळ महत्त्वाचा. काकांच्या घरी आम्ही हाच क्रम धरला.

सगळ्यात आधी नेट बंद. वाय-फाय काढा किंवा राउटर बंद करा. दुरून चालणारं अॅप नेटशिवाय पांगळं होतं. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर ही साधनं मुळात चांगल्या कामाची आहेत, मीसुद्धा ऑफिसात तशी वापरते. पण अनोळखी माणसाने टाकून घेतलं असेल तर ते लगेच काढून टाका. मग ऑफलाइन स्कॅन करा.

पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या, स्वच्छ मशीनवरून किंवा फोनवरून. आधी ई-मेलचा, कारण बाकी सगळ्या खात्यांच्या चाव्या तिथेच येतात. त्यानंतर बँकेचा.

बँकेला फोन करून नेट बँकिंग आणि कार्ड थांबवा. नंबर पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्या, नेटवर शोधून नको. पैसे गेले असतील तर १९३० ही राष्ट्रीय सायबर हेल्पलाइन लगेच लावा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवता यावेत यासाठीच ही व्यवस्था आहे, म्हणून तासाभरात केलेली तक्रार आणि दोन दिवसांनी केलेली तक्रार यांत फार फरक पडतो. व्यवहाराचे मेसेज, फोन नंबर, स्क्रीनचे फोटो जपून ठेवा.

आणि या सगळ्याच्या आधी एक वाक्य बोला : “सांगितलंत ते बरं केलंत.” ज्या घरात पहिला प्रश्न “कशाला क्लिक केलंत?” असा असतो, त्या घरात दुसऱ्या वेळी कुणी सांगत नाही. लाजेपायी गेलेले ते दोन दिवस चोराला पुरतात.

पुन्हा होऊ नये म्हणून

ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं एक चांगलं एक्स्टेन्शन टाकून द्या. फायरफॉक्ससाठी यूब्लॉक ओरिजिन, क्रोमसाठी त्याचंच लाइट रूप. घातक जाहिरातच दिसली नाही, तर तिच्यावर बोट पडणार नाही. एजमध्ये २०२५ पासून भोंगावाली पानं ओळखणारा स्केअरवेअर ब्लॉकर आहे, तो चालू आहे ना ते बघा. विंडोज सिक्युरिटीमध्ये अॅप अँड ब्राउझर कंट्रोलखाली नको असलेली अॅप्स अडवायची सोय असते, तीही चालू करा.

वडीलधाऱ्यांसाठी मशीनवर साधं खातं करा, अॅडमिनचा पासवर्ड वेगळा ठेवा. म्हणजे काहीही इन्स्टॉल होण्याआधी पासवर्ड मागितला जाईल आणि तुम्हाला फोन येईल. त्यांचं मशीन अजून विंडोज १० वर असेल, तर मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. पुढे काय करायचं ते घरात बसून ठरवा.

रोज लागणाऱ्या साइट्स, म्हणजे बँक, वीजबिल, रेल्वे, नातवाचा व्हिडिओ कॉल, बुकमार्क करून वर लावून द्या. पत्ता टाइप करायची वेळच आली नाही, तर चुकीच्या दारात जाण्याचा प्रश्नही येत नाही. आणि एका पुठ्ठ्यावर जाड पेनने तीन ओळी लिहून लॅपटॉपशेजारी चिकटवा :

नंबर दिसला तर खोटा. फोन करायचा नाही.
‘अलाउ’ विचारलं तर ‘ब्लॉक’.
काही कळेना तर मशीन बंद, आणि मला फोन. रागावणार नाही.

तिसऱ्या ओळीतला शेवटचा शब्द पाळायचं काम तुमचं.

आपल्या मंडळांत हळदीकुंकू होतं, कोजागरी होते, गणपतीत मुलांच्या स्पर्धा होतात. अशाच एखाद्या कार्यक्रमाला कोपऱ्यात एक टेबल मांडा. दोन-तीन तरुण मुलं-मुली, एक विजेचा बोर्ड आणि ‘आपला लॅपटॉप किंवा मोबाइल घेऊन या’ अशी पाटी. एका माणसाला दहा मिनिटं पुरतात. फक्त माउस त्यांच्या हातातून काढून घेऊ नका. शेजारी बसा, वाट सांगा, बटण त्यांना दाबू द्या. पुढच्या वेळी तो चौकोन वर येईल तेव्हा तुम्ही ऑफिसात असाल, आणि घरी त्या एकट्याच असतील.